मोहरीची उशी

भाऊसाहेबांशी माझं पहिलं भांडण एका काळ्या मण्यावरून झालं.

भाऊसाहेब म्हणजे माणूस नव्हे. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पाच वर्षांपूर्वी लहान मुलांच्या मानेचे फोटो वाचणारं यंत्र आलं, ते हे. कंपनीनं त्याला दिलेलं नाव आमच्यापैकी कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. पण यंत्राची बोलायची पद्धत बघा, "कृपया प्रतीक्षा करावी. आपले प्रकरण विचाराधीन आहे." दुसऱ्याच दिवशी आमच्या शिपायानं बारसं केलं, "हे तर तहसीलमधले भाऊसाहेब!" आणि तेच चिकटलं.

मी विजयमाला चौगुले. एक्स-रे टेक्निशियन, बत्तीस वर्षं नोकरी. मला अख्खा तालुका चौगुले बाई म्हणतो, आणि निम्मा तालुका घाबरतो. घाबरावंच. माझ्या टेबलावर मूल झोपवलं की आईनं काय करायचं, आजीनं कुठं उभं राहायचं, सगळं मी ओरडून सांगते.

तर तो मणी. एका तान्ह्या पोरीच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा होता. आईनं दोरा काढला, पण एक मणी केसात अडकून राहिला. भाऊसाहेबांनी तो फोटोत पाहिला आणि जाहीर केलं, "हाडाचा तुटलेला तुकडा." पोरीला उगाच दोन दिवस जखडून ठेवलं. मी अशी काही चिडले की कंपनीला सहा पानी तक्रार लिहिली. सहा महिन्यांनी उत्तर आलं, चूक मान्य. तेव्हापासून भाऊसाहेब फोटो वाचायच्या आधी तो स्वच्छ करून घेतात. मणी, बाळी, बटण, अंगाबाहेरचं जे काही बारीक आणि गोल असेल ते पुसून टाकतात, आणि मग वाचतात. मी जिंकले म्हणून स्टाफला पेढे वाटले होते. हे लक्षात असू द्या.

आता थोडं शास्त्र सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तीन वर्षांच्या पोराची मान म्हणजे मोठ्या माणसाच्या मानेची छोटी प्रत नसते. निम्मी हाडं अजून मऊ कूर्चेची असतात, आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. त्यामुळं जिथं काही मोडलेलं नाही तिथंही फट दिसते. स्नायूबंध सैल आणि डोकं अंगाच्या मानानं भलतंच मोठं, म्हणून मान जराशी पुढं वाकली तरी दुसरा मणका तिसऱ्यावर पुढं सरकलेला दिसतो, जिन्याच्या पायरीसारखा. बहुतेक वेळा ती पायरी निसर्गाची असते. कधीतरी मात्र ती खरोखरच्या इजेची असते, आणि तेव्हा मान हलवली तर पोर जन्माचं अधू होतं. हा फरक ओळखायला मणक्यांच्या मागच्या कडांवरून एक रेघ काढतात. दुसरा मणका रेघेच्या जवळ असला तर ठीक, दोन मिलिमीटरहून लांब गेला तर धोका. शिवाय पोर रडत असलं की घशामागचा भाग फुगतो, आणि तोही सुजेसारखाच दिसतो. आता सांगा, हे सगळं रात्रंदिवस कोण बघत बसणार? भाऊसाहेब लाखो पोरांचे फोटो बघून शिकलेत. खरं सांगते, शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ते माझ्यापेक्षा बरोबर असतात. म्हणून तर तालुक्यात आता फोटो वाचणारा डॉक्टर उरला नाही. भाऊसाहेबांनी लाल खूण केली की शहरातून हवाई रुग्णवाहिका निघते, आणि तोवर पोराच्या मानेला कुणीही हात लावायचा नाही, असा नियम आहे.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळचे दहा वाजले असतील. माझी सून सानिका ब्लाऊज शिवते, चांगलं नाव आहे तिचं. तिच्या कापडाचं पार्सल घेऊन ड्रोन आला आणि नेहमीसारखा पाण्याच्या टाकीजवळ घिरट्या घालायला लागला. आमचं गुंड्या, म्हणजे माझा नातू अधिराज, वय वर्षं तीन, ते टाकीवर कधी चढलं कुणाला कळलंच नाही. ड्रोनला हात करायला गेलं आणि डोक्यावर आपटलं, अंगणात.

मी धावले. "हलवू नको!" असं सानिकाला ओरडले. दोघींनी मिळून त्याला अंग न वळू देता सरळ गोधडीवर घेतलं, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. हातपाय हलत होते. पण रडणं काही केल्या थांबेना. "उशी! माझी उशी!" एवढंच. सानिका फोन करायला आत पळाली.

ही उशी म्हणजे त्याच्या जन्माच्या वेळी मी शिवलेली मोहरीची उशी. आमच्याकडं तान्ह्या बाळाला मोहरीच्या उशीवर निजवतात, डोकं गोल होतं म्हणतात. होतं की नाही देव जाणे, पण गुंड्याला त्या उशीशिवाय झोप येत नाही. सानिकाला ती अजिबात पसंत नव्हती. "आई, तीन वर्षांचा घोडा झाला, आता कशाला?" म्हणून तिनं दोनदा ती माळ्यावर टाकली होती. दोनदा मी गुपचूप खाली काढली होती.

बत्तीस वर्षं मी लोकांना सांगत आले, की लहान पोराची मान दुखावली तर डोक्याखाली काही घालायचं नाही, घालायचंच तर खांद्याखाली घडी घाला, म्हणजे मान सरळ राहते. आणि माझ्या स्वतःच्या अंगणात, माझ्या स्वतःच्या नातवाच्या डोक्याखाली, मी ती उशी सरकवली. वर गोधडीची कड ओढून घेतली, सुनेला दिसू नये म्हणून. पोर गप्प झालं. मला बरं वाटलं. काय सांगू, त्या क्षणी मी टेक्निशियन नव्हतेच, नुसती आजी होते.

रुग्णवाहिकेची पोरं आली. "बाई, गोधडीसकट फळीवर घेतो," म्हणाली. त्यांनी डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोमचे ठोकळे लावले आणि कागदावर लिहिलं, "मान सरळ." चौगुले बाई सोबत आहेत म्हटल्यावर गोधडी उघडून बघायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. मला तरी कुठं आठवलं?

दवाखान्यात डॉक्टर मुजावर होते. नवीन आहेत, तिशीही उलटली नाही, पण हात शांत आहे त्यांचा. भाऊसाहेबांचा वाकडा हात गुंड्याभोवती फिरला, फोटो निघाला. पोराला गोधडीतून बाहेर काढायचीही गरज नाही, एवढी सोय आहे आता.

"दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यात चार दशांश एक मिलिमीटरची पायरी आढळते," भाऊसाहेब म्हणाले. "रेघेपासूनचे अंतर एक दशांश नऊ, म्हणजे मर्यादेच्या काठावर. नोंदीनुसार मान सरळ असताना इतकी पायरी नैसर्गिक मानता येत नाही. लाल खूण करण्यात येत आहे. हवाई रुग्णवाहिका पस्तीस मिनिटांत पोचेल."

सानिका मटकन खाली बसली. गळ्यात मोजायची टेप तशीच होती. "तिकडं नेऊन काय करतील हो?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

मुजावरांनी खोटं सांगितलं नाही. "आधी भूल देतील. मग डोक्याला कडं बसवतील, चार स्क्रूंवर. एवढं लहान मूल स्वस्थ राहत नाही ना, म्हणून बाकीच्या तपासण्या त्याच्यानंतर. इजा असेल तर तीन महिने तरी कडं राहील."

"कवटीत स्क्रू?"

"हो."

"माझ्यामुळं झालं," ती म्हणाली. "माझं पार्सल होतं. मी शिलाई सोडून उठले नाही." आणि ती अशी रडली की मला बघवेना. सासू-सून आम्ही, रोज दहा गोष्टींवरून वाजतं आमचं, पण पोरगी गुणाची आहे. मी तिला जवळ घेतलं. आणि तिच्या डोक्यावरून समोरच्या पडद्याकडं बघत राहिले.

माझी एक जुनी सवय आहे. भाऊसाहेबांनी स्वच्छ केलेला फोटो मी मानत नाही. कच्चा फोटो, यंत्रानं काही पुसायच्या आधीचा, उघडून बघते. आता तसं कुणी करत नाही, गरजही नसते. त्या दिवशीही हात आपोआप तिकडं गेला.

गुंड्याच्या डोक्यामागं ठिपके होते. बारीक, गोल, पांढरट, एकाला एक चिकटलेले, शेकडो. मी बघतच राहिले. ती मोहरी होती.

भाऊसाहेबांना ती दिसलीच नव्हती. बारीक आणि गोल ते सगळं पुसून टाका, असं त्यांना शिकवलं होतं. कुणाच्या तक्रारीवरून? माझ्याच.

खोटं कशाला बोलू, मी दहा-बारा सेकंद गप्प राहिले. सगळा स्टाफ दारात उभा होता. ज्यांना मी ओरडून शिकवलं ती रुग्णवाहिकेची पोरंही तिथंच. आणि सानिका माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती. पण गुंड्याच्या कवटीला स्क्रू लागायची वेळ आली होती. माझी अब्रू गेली चुलीत.

"त्याच्या डोक्याखाली उशी आहे," मी म्हटलं. "मोहरीची. मी ठेवली."

सानिकानं डोकं उचललं. "कुठली? ती माळ्यावरची?"

"हो."

"मी टाकली होती ती!"

"मी काढली."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी भाऊसाहेबांकडं वळले आणि कच्च्या फोटोवर बोट ठेवून सांगितलं, "हे बघा. मान सरळ नाही. दोन बोटं जाडीची उशी आहे, मान पुढं वाकली आहे. आता सांगा काय ते."

भाऊसाहेब म्हणाले, "माहितीबद्दल आभार. मान वाकलेली असल्यास ही पायरी नैसर्गिक असण्याची शक्यता शंभरात त्र्याण्णव आहे. तथापि, मान सरळ करून पाहिल्याशिवाय लाल खूण काढता येणार नाही. लाल खूण असताना मान हलवता येणार नाही."

"वा रे भाऊसाहेब!" मी कपाळावर हात मारला.

डॉक्टर मुजावर म्हणाले, "एक कलम आहे. पालकांची आणि डॉक्टरची सही असेल तर यंत्राच्या नजरेखाली मान सरळ करता येते. हलक्या किरणांनी ते सलग बघत राहणार. थांबा म्हणाले की थांबायचं. आपल्याकडं आजवर कुणी वापरलेलं नाही."

"आणि ते सात?" सानिकानं विचारलं. "त्र्याण्णव सोडून उरलेले सात?"

मीच म्हटलं, "त्या सातात असेल तर आपण मान हलवून त्याचं वाटोळं करू. न हलवता पाठवलं, तर उशीवर वाकलेल्या मानेनंच अर्धा-पाऊण तास हवेतून जाईल, आणि तिथं कडं बसेल. मी आजी म्हणून विचारशील तर मला काही सुचत नाही. टेक्निशियन म्हणून विचारशील, तर मान सरळ करू या."

तिनं डोळे पुसले. "करायची कशी? उशी ओढली तर डोकं दाणकन खाली येईल."

"मी दोन्ही हातांनी डोकं धरतो," मुजावर म्हणाले. "बाई हळूच ओढतील."

मी उशीकडं हात नेला आणि मागं घेतला. ते सगळ्यांनीच पाहिलं.

सानिका उठली. गुंड्याच्या डोक्याशी गेली, गोधडीची वरची कड दोन बोटांनी उलगडली आणि वाकून उशीची शिवण बघितली. माझी सून एखाद्या कपड्याकडं बघते ना, तशी. "ओढायची कशाला?" ती म्हणाली. "उसवू या. मोहरी हळूहळू सांडू दे. उशी बसेल तसं डोकं खाली येईल."

मुजावर माझ्याकडं बघायला लागले, मी त्यांच्याकडं. एवढं शिकून दोघांना सुचलं नव्हतं.

तिनं सही केली. डॉक्टरांनी केली. ती शिलाईवरून तडक आली होती, त्यामुळं धागे कापायची छोटी कात्री झग्याच्या खिशात होतीच. ती स्पिरिटनं पुसून घेतली. मुजावरांनी फोमचे ठोकळे बाजूला केले, कोपरं टेबलावर टेकवली आणि दोन्ही तळव्यांत गुंड्याचं डोकं धरलं. मी त्याच्या तोंडासमोर वाकले. माझं काम एवढंच, त्याला स्वस्थ ठेवायचं आणि हातपाय हलतायत ना ते बघायचं.

"आज्जे, घरी," तो म्हणाला.

"जायचंय राजा. आधी पायाच्या अंगठ्यानं टाटा कर बघू. शाब्बास. आता हातानं माझं बोट दाब. आई गं, केवढी ताकद!"

"दुहेरी दोरा घातलाय," सानिका पुटपुटली. "आणि टाके बघा केवढे बारीक. तुमचं शिवण म्हणजे आई..."

"तक्रार नंतर कर."

कट्. पहिला टाका सुटला. मोहरीचे दाणे फरशीवर पडले, टिपटिप टिपटिप.

"चार दशांश एक," भाऊसाहेब म्हणाले.

कट्. "चार."

कट्. "तीन दशांश सात."

पायरी कमी होत होती. इजेची पायरी अशी सहज मिटत नसते.

गुंड्याला आवाज ऐकू आला. "आज्जे, काय सांडलं?"

"काही नाही रे."

"माझी उशी?"

खोटं बोलायला गेले आणि तोंडातून भलतंच निघालं. "उशीला शू लागली होती."

झालं! ते हसलं. खदखदून हसलं, अंग हललं सगळं.

"हालचाल. थांबा," भाऊसाहेब म्हणाले. "तीन दशांश नऊ."

सगळे जागच्या जागी थिजले. मुजावरांच्या कपाळावर घाम आला होता, पण तळहात हलले नाहीत. सानिकानं शिवण चिमटीत घट्ट दाबून धरली. दोनदा चुकले मी, एकाच दिवशी, एकाच पोराच्या मानेशी.

"गुंड्या," मी म्हटलं, "राजा, आजीचं ऐक. आता पुतळा व्हायचं. पुतळा हसतो का? नाही ना? अंगठा हलव फक्त."

अंगठा हलला. दोन्ही पायांचा.

"तीन दशांश सहा. पुढे चालू ठेवावे."

कट्, टिपटिप. कट्, टिपटिप. तीन. दोन दशांश चार. एक दशांश आठ. उशीची रिकामी पिशवी सपाट झाली, आणि गुंड्याचं डोकं फळीवर टेकलं.

"पायरी एक दशांश दोन. रेघेपासूनचे अंतर शून्य दशांश सहा," भाऊसाहेब म्हणाले. "सरकण पूर्णपणे नैसर्गिक. लाल खूण रद्द करण्यात येत आहे. उद्यापर्यंत देखरेखीची शिफारस. हवाई रुग्णवाहिकेस परत फिरण्यास कळवले आहे."

सानिकानं कात्री खाली ठेवली आणि पहिल्यांदा गुंड्याचे पाय पोटाशी धरले. मग माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता बोलेल. बोलावंच, माझं काही म्हणणं नव्हतं. तिनं माझ्या गळ्यात हात टाकला आणि रडली. मीही रडले. मुजावर तोंड फिरवून उगाच खिडकीतून बाहेर बघत बसले.

"मी माळ्यावर टाकायची ती जाळायला पाहिजे होती," ती नाक ओढत म्हणाली.

"हो गं बाई."

"आणि तुम्ही मला सांगितलं नसतं तर?"

"सांगितलं की."

"सांगितलंत खरं," ती म्हणाली.

एवढ्यावर सुटका झाली असती तर ते भाऊसाहेब कसले! "नोंद आवश्यक आहे," ते म्हणाले. "ही वस्तू यापुढे पुसली जाणार नाही. राज्यातल्या सर्व यंत्रांना कळवायचे आहे. वस्तूचे नाव?"

"मोहरीची उशी."

"कोणी ठेवली?"

"रुग्णाच्या आजीनं."

"तिला नियम माहीत होते का?"

दारातली पोरं कान देऊन उभी होती. मी मान वर करून सांगितलं, "पूर्ण माहीत होते. बत्तीस वर्षं ती तेच शिकवते. लिहा, एक्स-रे टेक्निशियन विजयमाला चौगुले."

दुसऱ्या दिवशी गुंड्याला घरी सोडलं. फरशीवरची मोहरी सानिकानं स्वतः झाडून एका पिशवीत भरून आणली होती. मला वाटलं टाकून देईल. चार दिवसांनी तिनं माझ्या हातात एक नवीन उशी ठेवली. लांबट, पसरट, एका कडेला उतरती, वर धुता येईल अशी खोळ.

"ही कसली?"

"खांद्याखाली घालायची. तुम्ही जन्मभर घड्या घालत बसलात ना गोधड्यांच्या. ही दवाखान्यात ठेवा. आणि गुंड्यासाठी दुसरी शिवतेय, कापसाची. तिला हात लावायचा नाही."

मी लावत नाही. माळ्यावरही चढत नाही आता.

खांद्याखालची उशी माझ्या टेबलावर आहे. परवा एका खेड्यातून चार वर्षांची पोरगी आली, झोक्यावरून पडलेली. सोबत आई, बाप, आणि मागं पदर तोंडाला लावून उभी असलेली म्हातारी. मी यंत्र सुरू केलं. फोटो काढायच्या आधी भाऊसाहेब आता एक प्रश्न विचारतात, राज्यातल्या प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक पोरासाठी.

"सोबत आजी आहेत का? असल्यास त्यांना विचारावे, बाळाच्या डोक्याखाली काही ठेवले आहे का. त्यांच्यावर रागावू नये."

शेवटचं वाक्य मी सांगितलं नव्हतं. ते सानिकानं कंपनीला पत्र लिहून घालायला लावलं, हे मला नंतर कळलं.

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, आणि हळूच पुढं येऊन पोरीच्या पांघरुणात हात घातला.